गडगा

झाडं दिसली की देऊळ आहे असं समजायचं.
आमच्या डोंगरपठारावर बाकी सगळं नांगरलेलं:
टेफ, सातू, पुन्हा टेफ,
मेंढ्यांनी खरवडून ठेवलेले माळ,
आणि मधेच एक गोल, गडद रान,
ताटात राखून ठेवलेल्या घासासारखं.
त्याच्या पोटात देऊळ. दिसत नाही. ऐकू येतं.

आई रविवारी कोंबड्याच्या आधी निघायची.
डोक्यावरून पांढरी शाल, कडेवर धोंडा.
हो, धोंडाच. नांगराला अडलेला,
मूल घ्यावं तसा घेतलेला.
गडग्याशी टेकवायची,
गडग्याचा मुका घ्यायची
आणि तिथंच उभी राहायची. बाहेर.
आत ढोल घुमायचे.
गीझमधली प्रार्थना पानापानांतून गळत यायची,
तिच्यातला एखादाच शब्द आम्हाला कळायचा
पण कुणी चुकलं, तर मात्र लगेच कळायचं.

बायका म्हणायच्या, वर्कनेश, ये की आत.
ती म्हणायची, इथूनही ऐकू येतं.

कारण मला फार उशिरा समजलं.
पाऊस न आलेल्या वर्षी
गुरं गेली, म्हणून शेणीही गेल्या.
मी चार वर्षांची, तापानं फणफणलेली.
एका रात्री ती गडगा ओलांडून गेली
आणि देवाच्या रानातलं कोवळं जुनिपर
तोडून घेऊन आली.
त्या जाळावर शिजलेली पेज मी प्याले.
म्हणजे तिच्या पापाचा पुरावा मीच,
धडधाकट, दोन लेकरांची आई.

अब्बा मेलाकूंना तिनं सगळं सांगितलं होतं.
त्यांनी उपास दिले, क्षमा दिली.
उपास तिनं पाळले.
क्षमेचं काय करायचं ते तिला उमगलं नाही;
पाहुण्यांसाठीच्या भांड्यासारखी
वर ठेवून दिली.

पुढं रानाला जागा पुरेना.
बिया गडग्याबाहेर पडत, रोपं मेंढ्या खात.
गावानं ठरवलं, गडगाच पुढं सरकवू.
धोंडे होतेच. आईचेच किती.
पहिल्यांदा वीस पावलं. आई वीस पावलं मागं.
पाच वर्षांनी आणखी पंधरा. आई मागं.
मी चिडले. म्हटलं, देव पुढं येतोय अन् तू मागं सरतेस,
कुठवर? नदीपर्यंत?
ती हसली. म्हणाली, आला तर बरंच की,
पाण्याला मी तिथंच जाते.

तिसऱ्या खेपेला तिच्या डोळ्यांवर सारा आलेली.
पावलं मोजत धोंडा घेऊन यायची,
एका रानजैतुनाला पाठ लावून थांबायची.
रचणारी पोरं खोळंबली.
आजी, सरका, इथून ओळ जाते.
अब्बा मेलाकू आता स्वतःच काठीवर उभे.
म्हणाले, तिला हलवू नका. ओळ वळवा.
म्हणून तिथं गडग्याला पोट आहे, अजून.
परके विचारतात, इथं खडक होता का?
आम्ही हो म्हणतो.

पुढल्या रविवारी मी तिचा हात धरून नेलं.
बोलले काहीच नाही.
प्रार्थना संपली. सवयीनं तिनं हात पुढं केला,
गडगा शोधायला.
हवा.
आणखी पुढं. पान. कोवळं, टोचरं,
जुनिपरचं असतं तसं.
ती ते कितीतरी वेळ चाचपत राहिली,
मग हात झटकन मागं घेतला, भाजल्यागत.
वळली. नऊ-दहा पावलं चालली,
तेव्हा कुठं दगड लागला.
आतल्या अंगानं.

देवळात ती गेली नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.
फक्त धोंड्याऐवजी
तुंब्यातून नदीचं पाणी आणू लागली,
रोपाशी ओतताना पुटपुटायची.
गीझ नव्हे. आमचीच, चुलीपाशी बोलायची भाषा.

मी विचारलं, काय सांगतेस एवढं त्याला?
म्हणाली, मी कुठं सांगतेय.
तोच विचारत होता,
पोर बरी आहे ना गं, म्हणून.