धाव

तू त्या चित्रात आहेस, असं मला कळलं
तेव्हा मी बदकाची पिसं उपटत होते.
सांगणारा गिरणीतला कारकून, लंडनहून परतलेला,
दोन्ही हात ताणून म्हणाला, एवढं मोठं! भिंतभर!
आपली नदी, आपलं वळण,
आणि गवताची रिकामी गाडी पाण्याच्या मधोमध.
लोक विचारतात, ती तिथे का उभी?
कुणी एक साहेब म्हणाला, विसाव्याला.

विसावा!
त्या साली सफकमध्ये असा उन्हाळा पडला
की लाकूड आकसून चाकावरची धाव सुटली,
वळणावळणावर खुळखुळायची, सैल बांगडीसारखी.
बापाने घोडे सरळ नदीत घातले.
चाक पाणी पितं, फुगतं,
मग लोखंड बसतं जागेवर.
तोवर बाप शिव्या घालत होता
माश्यांना, सुताराला, घोड्यांच्या आयांना,
आणि पलीकडे कापलेल्या गवताशी
मुकादम घड्याळ उघडून उभा.

चित्रात मुकादम नाही म्हणे.

मी फळीवर वाकून पातेलं घाशीत होते.
अलीकडच्या काठाला, बिनजिनाच्या घोडीवर, जेबेझ.
माझा भाऊ. चौदाचा.
झाडाखाली वही घेऊन बसलेल्या माणसाने
त्याला हाताने खुणावलं, हलू नकोस.
तो हलला नाही.
जन्मात तेवढाच एकदा.

मळणीचं यंत्र आलं तिसऱ्या हिवाळ्यात.
कोठारं मुकी झाली. खुंटीवर झोडपणी,
आणि माणसं पॅरिशच्या दारात, टोपी हातात.
एका रात्री पाच जण गेले हातोडे घेऊन.
चौघे शेतातून पळाले.
जेबेझ मात्र थांबला, म्हणे, शेवटचं एक दातेरी चाक राहिलं होतं.
इप्सविचच्या कोर्टात नाव पुकारलं: गॅरड, जेबेझ.
सात वर्षं काळं पाणी.
एक पत्र आलं, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात.
इथली मेंढरं लहान आहेत, असं त्यात होतं.
बस.

एकाहत्तराव्या वर्षी मी आगगाडीत बसले.
केटुरा, माझी नात, तिकडे एका घरी कामाला;
तिला अर्धी दुपार सुटी.
मोठा जिना. हातमोजे घातलेली माणसं हळू बोलणारी,
जणू आत कुणी आजारी आहे.

मी सापडले. वाटाण्याएवढी.
पांढरी टोपी, तांबडा ठिपका, तोंड नाही.
बापालाही तोंड नाही, पाठ आहे; पाठ बरोबर आहे.
ढगांवर मात्र त्याने जीव ओतलाय.
हे मी मान्य करते. ते ढग दुपारनंतर बरसणार होते.

काठावर घोडी नाही.
जेबेझ नाही.
नुसतं पाणी, आणि पाण्यात एक तपकिरी डाग.
सावली असेल, केटुरा म्हणाली.
शेजारचा चष्मेवाला आपणहून बोलला:
काढून टाकलंय तिथलं काही, वर पाणी रंगवलंय.
चित्रात गर्दी वाटली असेल त्याला.
पण वर्षं गेली की वरचा रंग विरतो, बाई,
खालचं वर येऊ लागतं.

गर्दी.

किती वर्षं लागतील? मी विचारलं.
तो हसला. घड्याळ काढलं.

मग मी अंगठा जिभेला लावला,
पातेल्याच्या बुडाला लावावा तसा,
आणि हात पुढे केला.
पहारेकरी ओरडला. केटुराने मला मागे खेचलं,
तिचे कान लाल झालेले.

परतताना खिडकीला डोकं टेकून ऐकत होते.
लोखंडाखाली लोखंड.
या चाकांना पाण्यात उभं करावं लागत नाही.
अंगठा मात्र मी मुठीत धरला होता
घर येईपर्यंत,
वाळू नये म्हणून.