ऐंशी रुपयांचं लाल

गोराईच्या रस्त्यावर नर्सरीवाल्याला नाव विचारलं,
तर म्हणाला, "लाल पानांचं."
ऐंशी रुपये. काळी पिशवी, तळाशी फाटलेली.

चारकोपला आमच्या बैठ्या घरापुढे
दोन लाद्या उखडून होते तेवढी बाग.
भरणीची माती, विटांचे तुकडे,
कुणाचा तरी गंजका चमचा निघाला.
तिथेच लावलं.

मी रंगाच्या दुकानात मशीनवर असते.
गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा आणतं, उशीचा अभ्रा आणतं,
मी थेंब मोजून तस्साच रंग काढून देते.
या पानाचा निघेना.
नळ येतो तेव्हा ते जांभळं,
दुपारच्या तिरिपीत कोकमाचं सरबत,
आणि दिवेलागणीला
तव्यावर विसरलेल्या कांद्यासारखं काहीतरी.
काळा तीन थेंब वाढवला, मरून दोन कमी केला.
लिटरभर वाया गेला. शेठने पगारातून कापला.

पौषात पानं गळली. सगळी, चार दिवसांत,
भाडं थकवलेला बिऱ्हाडकरू जागा सोडतो तशी.
चेऊलकर वहिनी कठड्यावरून म्हणाल्या,
"मेलं गं ते. काढ, तुळस लाव."
मी नखाने साल खरवडली.
पांढरा चीक आला टपोरा,
तेच बोट चुकून डोळ्याला लागलं,
रात्रभर डोळा उघडेना.
मेलेल्यात एवढी आग नसते.

आठवड्याला एक तांब्या, तोही तांदूळ धुतल्याचा.
बाकी काही केलं नाही.

होळीच्या दुपारी मी दुकानात,
आणि गल्लीतल्या पोरांना हव्या होत्या काटक्या.
मी परतले तेव्हा वीतभर खुंट उरला होता,
त्यावर दुधाची सुकलेली साय.
म्हातारे सकपाळ तेवढे ओरडले होते,
"चिकाचं लाकूड आहे रे, धूर डोळ्यात जाईल!"
म्हणून ते जळलं नाही, बाजूला पडून राहिलं.

मी कुणाला काही बोलले नाही.
त्या रात्री पुरणपोळीही घशाखाली गेली,
खोटं कशाला सांगू.

चैत्र संपता संपता चेऊलकरांचा अद्वैत दारात.
"मावशी, आमच्या ऑफ स्टंपला पान आलंय."

गल्लीच्या टोकाला, गळक्या नळाशी,
ओल्या मातीत ठोकलेल्या तीन काठ्या,
त्यातली एक लाल. नखाएवढं पान,
इतकं पातळ की आरपार नळ दिसत होता.
माझ्याकडच्या खुंटालाही फुटवे आले होते, म्हणा,
पण ते बघायला कुणी बोलावलं नव्हतं.

आता तो स्टंप उपटत नाही, उडतही नाही,
चेंडू लागला तरी तिथेच उभा,
त्यावरून दोनदा मारामारी झाली.
शेवटी पोरांनी नियम काढला:
पान गळलं तर आउट.