खचणीची वही

कसबे डिग्रजला, ओढ्याच्या अलीकडं,
क्षारपडात जनावरांचा दवाखाना व्हायचाय.
टाच दाबली की जमीन
सैल भिजवलेल्या कणकेसारखी आत जाते.

आधी घागरीच्या तोंडाएवढी भोकं पाडून
खोलवर वाळू भरली.
वर मुरूम, दोन पुरुष उंच.
मग काहीच नाही.
मी, लेव्हल आणि ही वही.

सोमवार : नऊ मिलिमीटर.
गुरुवार : सात.

बायाक्का पाटोळे शेळ्या घेऊन थांबतात.
"ढीग घालून बसलायसा व्हय नुस्तं?
बांधणार कवा?"
मी म्हणते, हेच बांधणं चाललंय, मावशी.
त्या फिसकन हसतात.
शेळी मुरमाच्या पायथ्याला
पाझरून वाळलेलं पांढरं चाटत राहते.

एका रात्री कान लावला जमिनीला.
पाणी सोडते, त्याचा आवाज येत नाही.
लांब कुणाची तरी मोटर तेवढी चालू होती.

दोन.
अर्धा.
परवा काच दोनदा पुसली, आकडा तोच.

आज डंपर मुरूम घेऊन गेले.
बायाक्कांनी चप्पल काढली, टाच रोवली,
पुन्हा रोवली.
"धरतीया गं आता,"
म्हणाल्या, आणि ओढ्याकडं पळालेल्या
शेळीला शिव्या घालत गेल्या.