शेवटचा आकडा

दांडिया बाजारात, घड्याळजीच्या दुकानावर,
माहूरकरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं
मी माणसांच्या दंडाला पट्टा बांधतो.
अच्युत मुळे, कंपाउंडर.

थोरल्या डॉक्टरांच्या वेळी सकाळचेच साठ पेशंट.
जिना चढून धापा टाकत आलेला माणूस स्टुलावर,
सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा,
त्याचं तोंड चालू: जावई, तेलाचा डबा, तुंबलेलं गटार.
माझा हात फुग्यावर, डोळा पुढच्या माणसावर.
एकशे चाळीस, नव्वद.
एकशे तीस, ऐंशी.
चला, पुढचे कोण? आवो, बेसो.

वैजू शिकून आली, बापाच्या खुर्चीत बसली,
आणि पहिल्याच शनिवारी जुन्या वह्या घरी घेऊन गेली.
सोमवारी म्हणाली, रागानं नाही,
"अच्युतकाका, अख्ख्या बडोद्याचं प्रेशर
शून्यावरच कसं थांबतं?"

मी हसलो.
रात्री हसू आलं नाही.
पारा दोन-दोन घरं उतरतो,
आणि एकतीस वर्षांत माझ्या हातून
एकालाही एकशे सेहेचाळीस झालं नव्हतं.

मग मी एकच नाव शोधत बसलो.
रंजनबेन कंसारा. मंगळवार.
एकशे तीस, ऐंशी.
एकशे तीस, ऐंशी.
अकरा वेळा, एकाच शाईत, एकाच तिरक्या घाईत.
बाराव्या खान्यात काही नाही.
त्या मंगळवारी तिचा मुलगा एकटाच आला होता,
उरलेल्या गोळ्यांचं पाकीट परत करायला,
आणि मी पैसे मोजून दिले होते.

आता स्टूल गेलं. पाठ टेकायची खुर्ची आली,
हात ठेवायला टेबल, जाड दंडांसाठी रुंद पट्टा.
पाय जमिनीवर, बाही वर,
आणि पाच मिनिटं बोलायचं नाही.
बडोद्यात! दांडिया बाजारात!
पहिल्या दिवशी एका वकिलानं
दुसऱ्याच मिनिटाला तब्येतीपेक्षा नियमाची उलटतपासणी घेतली.
खालच्या घड्याळजीनं एक सेकंदकाटा नसलेलं घड्याळ दिलं,
म्हणाला, काटा दिसला की लोकांना घाई होते.
मोजायचं दोनदा. दिसेल तेच लिहायचं.

रंजनबेनचे दीर, जगजीवनभाई,
अजूनही तांब्यावर ठोके घालतात, वरचं ऐकूच येत नाही.
त्यांनी हट्टानं नळ्या कानात घातल्या.
पारा उतरू लागला
आणि त्यांचा चेहरा एकदम कामावरचा झाला.
"अरे, ही तर माझी हातोडी!"
पहिला ठोका, वरचा आकडा.
ठोके विझले, तो खालचा.
"आणि जोरात पडली तर?"
मी म्हटलं, पत्रा फाटतो, भाई.
तुम्हाला मी काय सांगायचं.

गुरुवारी दुपारी पत्र्याचा डबा उघडतो,
जे आले नाहीत त्यांची कार्डं.
फोन करतो. सगळ्यांची उत्तरं ठरलेली:
बरं वाटलं म्हणून गोळी सोडली.
पुडी संपली. लग्न होतं.
लोणचं विचारू नका.
तळाशी एक कार्ड बरेच गुरुवार तसंच राहिलं.

काल मीच यंत्र घेऊन कंसारा पोळात गेलो.
खाटेला उशा लावून बसवलं होतं तिला.
उजवा हात मांडीवर, कुणी ठेवून दिल्यासारखा.
मला ओळखलं. डावा हात स्वतःहून पुढे केला.
मी बाही वर सारली, दंडाखाली उशी ठेवली,
आणि पाच मिनिटं बसलो.
तिला बोलता येत नव्हतं.
मला येत होतं,
पण नियम तो नियम.

एकशे चौपन्न, शहाऐंशी.
पुन्हा: एकशे बावन्न, शहाऐंशी.

बाराव्या खान्यात लिहिलं.
हात जरा थरथरला,
सहाचा आकडा मात्र वाचता येतो.