तो, ती, ते

परत आले त्याला नऊ दिवस झाले.
येणारे विचारतात, काय काय शिकलीस गं तिकडे?
बाबाच सांगतात माझ्या वतीने:
धाग्याचा ताण मोजायची यंत्रं, रंगांचं रसायन,
केम्निट्झ, दोन वर्षं, पहिला वर्ग.
मी शेंगाची चटणी वाढून घेते
आणि मान हलवते.

खरं म्हणजे
एका माणसापुरता भात लावायला शिकले,
सहाव्यांदा.
फोनवर "जेवले" म्हणायला शिकले, न जेवता,
आणि आईच्या "बरं"मधून कळायला लागलं
की तिला कळलंय.
रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नसतो हे
खालच्या लिंडनर आजोबांनी चिठ्ठीतून शिकवलं.
चिठ्ठीखाली नमस्कार होता, सही होती.
मी पॉवरलूमच्या खटखटीत झोपायला शिकलेली,
तो नमस्कार दोनदा वाचला.

पण हे सगळं किरकोळ.

तिथे सूर्य ती आहे.
पुस्तकात तसंच दिलंय, पाठ करावं लागतं.
डिसेंबरात पाहिलं तेव्हा पटलंही:
आठ वाजून गेल्यावर यायची, अंग चोरून,
चारला निघून जायची, कुणाला न सांगता.
चंद्र मात्र तो. चमचा तो. दार ती.
मुलगी ते.
वहीत तिच्यापुढे मी तीन उद्गारचिन्हं काढली,
मग आठवलं, पोर आपल्याकडेही ते असतं.

पाव आपल्याकडे तो,
म्हणून दुकानात मी तो पाव मागितला.
"दास," काउंटरवरची बाई म्हणाली, "दास ब्रोट,"
आणि पाव दिला.
मागे रांगेत एक मुलगा हसला.
वाईट नव्हता. हसू आलं त्याला, तेवढंच.
पुढचे पाच आठवडे
मी बोट दाखवून पाव घेतला.

त्या बोटावरून आठवली
भाग्यलक्ष्मी चिलवेरी, पाचवी ब, तिसरा बाक.
"बाई, पाणी आली!" ओरडली होती
खिडकीतून नळाकडे बघत, आनंदाने,
कारण पाणी चौथ्या दिवशी आलं होतं.
वर्ग हसला. सगळ्यात आधी मी.
मग दिवसभर आमचं चालू:
फळा आली, खडू आली, शिपाईमामा आली.
तिच्या घरी तेलुगू.
त्या भाषेत नळाला, पाण्याला, खडूला
कुणी बाई-पुरुष करत नाही
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी विचारलंही नव्हतं.
सहावीपासून ती फक्त बोट वर करायची,
बाहेर जाऊ का, एवढ्यापुरतं.
सातवीत कुठे बसायची, आठवत नाही.

काल गेले.
साखर पेठेत सासरच्या दुकानात बसते,
टॉवेलांच्या थप्पीमागे, पंख्याखाली.
माफीची वाक्यं रिक्षात जुळवली होती,
कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी.
तिने ऐकून घेतलं. कपाळ खाजवलं.
"कधी गं? तसं सगळेच हसायचे की."
सगळेच.
हे मी रिक्षात धरलं नव्हतं.

मग चहा मागवला,
आणि एक टॉवेल उलगडून माझ्या गालाला लावला,
"बघ, हे मऊ आहे, बाकीचे नुसते दिसायला."
दोन घेतले.
पैसे पुरते मोजून घेतले तिने,
वरचे दहा रुपयेही सोडले नाहीत.
बरं वाटलं मला.

बाहेर त्रेचाळीस.
मी पायरी उतरले तशी मागून हाक आली,
"वृंदा, थांब, छत्री घेऊन जा.
ऊन लई वाढली."

काळी छत्री, एक काडी वाकडी.
अशोक चौकापर्यंत धरून आले.
परत द्यायला जावं लागेल.