अडीच वीत डावीकडे

किल्ली माझ्याकडे असते.
चाळीस वर्षं या खोऱ्यात टपाल वाटलं,
आता एकच दार उरलंय माझ्या वाट्याला.
किल्ली वीतभर लांब, खिशात मावत नाही,
म्हणून खुंटीवर, कुत्र्याच्या पट्ट्याशेजारी.

या, पण जपून. दोन पायऱ्या खाली उतरायचंय.
देऊळ खचलेलं नाही, मुळात होतं तिथंच आहे.
आम्हीच आठशे वर्षं भोवती माणसं पुरत गेलो
आणि जमीन चढत गेली.

डोळे सरावू द्या.
भिंती बैल आडवा उभा राहील एवढ्या जाड,
खिडक्या मात्र हाताच्या पंजाएवढ्या.
बांधणाऱ्याला वरच्या कमानीच्या वजनाची भीती होती
आणि ती त्यानं लपवली नाही.
म्हणून मला तो आवडतो.

इथं बोट फिरवा, खांबाच्या खांद्यावर.
तीन उभ्या रेघा, एक आडवी:
पाथरवटाची खूण.
घडवील तेवढ्या दगडांचे पैसे,
म्हणून दगडागणिक सही.
शिक्के वाचण्यात हयात गेली माझी, मी मोजले:
उत्तरेच्या भिंतीत एकशे बारा.
खिडकीच्या वर एकही नाही.
तिथून पुढं कुणा दुसऱ्याचा मासा.
पहिल्याला ताप आला, की परांची तुटली,
की पलीकडच्या मठात मजुरी जास्त होती?
अशा पाकिटांवर आम्ही लिहायचो:
पत्त्यावर राहत नाही.

तो गुलाबी पट्टा रंग नव्हे.
आमचा चुनखडीचा दगड भाजला की लाजतो.
इंग्रजांशी लढाया चालल्या तेव्हा
सगळं व्हेर्नुलास गाव गुराढोरांसकट आत शिरलं होतं,
बाहेरून कुणीतरी गवत पेटवलं.
किती जण बाहेर आले ते दगडाला विचारा.
तो फक्त लाजतो.

पुढं राज्यक्रांती. तीन घंटांपैकी दोन वितळून तोफा झाल्या.
तिसरी तडकलेली आहे, असं गावानं एकमुखानं सांगितलं.
ऐकाल बाराला. कुठली तडकलेली!
मग इथं वैरण साठवली, मग फादर देमार्सोल आला,
त्यानं सगळ्यावर गिलावा थापून निळं आभाळ रंगवलं, सोनेरी चांदण्या.
त्यांचे पोपडे अजून पडतात. रविवारी
माझ्या टोपीवर एखादी असते.

त्या पाटीवर पहिल्या महायुद्धातली सतरा नावं आहेत.
आज गावात माणसं एकतीस,
त्यातली नऊ फक्त उन्हाळ्यात.

आता मधोमध उभे राहा आणि समोर बघा.
दिसतंय?
गाभारा सरळ नाही. अडीच वीत डावीकडे सरकलाय.
देमार्सोल म्हणायचा, क्रुसावर प्रभूची मान कलली, तीच ही.
सरकारी इंजिनियर म्हणाला, दोरी चुकली.
माझी बायको युगेत म्हणायची,
मिस्त्री डावखुरा असेल, माझ्या बापासारखा.

मग पंचाऐंशी साली आम्ही ओल काढायला चर खणला,
मी आणि बातिस्ताँ कौलारू, उजव्या अंगाला.
पायाला अगदी लागून एक दगडी पेटी निघाली,
देवळाहून जुनी,
माझ्या टपालाच्या पिशवीएवढी.
झाकणावर नाव नाही, क्रूस नाही,
नुसती नागमोडी रेघ, लहान पोरं नदी काढतात तशी.
पायाचे दगड तिच्याजवळ येऊन
थांबले होते, वळले होते,
पुन्हा पुढं गेले होते.

शहरातून एक बाई आली, फोटो काढले,
म्हणाली, यावरून काहीच सिद्ध होत नाही.
खरंय.
आम्ही माती परत लोटली. बातिस्ताँनं टोपी काढली
आणि लगेच घातली, थंडी होती.

तेव्हापासून मी उजवीकडून चालत नाही.

चला. वळचणीखालची डुकरं आणि
जीभ काढणारा माणूस जाताना बघा;
नाक आमच्या वाराशो घराण्याचं आहे.
दार ओढून घ्या. जोरात.
किल्लीचे दोन फेरे,
त्यातला दुसरा उलटा.