छाट

फ्रिजच्या दारावरचा तक्ता मी सकाळी नऊला भरते
आणि दुपारी चारला.
चार अंश. पाच अंश.
काल वीज गेली तेव्हा साडेसात.
बाहेर त्रेचाळीस.
इन्सुलिनला सोलापूर कळू द्यायचं नाही,
एवढंच त्या पेटीचं काम.

सारख्या दिसणाऱ्या गोळ्या शेजारी ठेवायच्या नाहीत.
तारीख सरत आलेल्या पुढे घ्यायच्या.
नाव विचारायचं, मग पूर्ण नाव विचारायचं,
कारण एका सकाळी तीन अंबादास येतात या खिडकीवर
आणि तिघांनाही रक्तदाब असतो.
हे सगळं भिंतीवर आहे, लॅमिनेट करून.
तपासणीवाले आले की आम्ही तिकडे बोट दाखवतो.

भूदेवी कुडक्याल औषध घेऊन गेली
आणि तासाभराने परत आली,
विडी घरकुलच्या बसमधून अर्ध्या वाटेवर उतरून.
रांगेतल्यांनी आरडाओरडा केला.
तिने दोन पाकिटं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली,
वाकड्या झालेल्या बोटांनी, एकेक.
"मॅडम, हे काय करालाव?
रोजची गोळी बाराच?
महिना बारा दिवसांचा केलाव काय?"

दोन्ही गोळ्या पिवळ्या. दोन्ही बारीक.
एक सांध्यांसाठी: फक्त मंगळवारी, तीन.
दुसरी तिला सांभाळून घेणारी: मंगळवार सोडून, रोज एक.
चार आठवड्यांच्या बारा, चार आठवड्यांच्या चोवीस.
लेबलं मी लावली होती.
उलटी.

पहिली रोज घेतली असती तर
तोंडात फोड आले असते आधी,
मग रक्तातल्या पेशी कमी होत गेल्या असत्या,
आणि कुणीतरी म्हणालं असतं, ऊन लागलं असेल.

मी खुर्चीवर बसले. नंबर एकशे बारा काच वाजवत होता.
तिला मराठी वाचता येत नाही,
तेलुगू थोडं येतं, देवळातल्या पाटीपुरतं.
पण हात मोजतात तिचे.
पंचवीस विड्यांची जुडी, दिवसाला चाळीस जुड्या,
पंचेचाळीस वर्षं.
एक कमी भरली की बोटांना कळतं.

"आमच्यात चेकर असतो," ती म्हणाली,
"दोरा सैल, छाट. पान फाटकं, छाट.
मूठभर काढून टाकतो डोळ्यांसमोर,
पैसे कापतो.
तुमची छाट कोण काढतो?"

मला उत्तर आलं नाही.
लेबलं काढली, पाकिटं नवी केली,
मंगळवारच्या पाकिटावर लाल पेनाने बाजाराची टोपली काढली,
कारण मंगळवार बाजार तिला चुकत नाही.
टोपली कमी, मडकं जास्त झालं ते.
ती हसली. मग बारा मोजल्या. मग चोवीस.

संध्याकाळी नोंदवहीत लिहायला घेतलं
तर नडगेरी सर म्हणाले,
"गोळी पोटात गेली नाही ना?
मग कशाला ओढवून घेता?"
ते वाईट नाहीत. त्यांची निवृत्ती आठ महिन्यांवर आहे.

रकाना पहिला, चूक काय. लिहिली.
रकाना दुसरा, कोणाची. माझं नाव, पूर्ण, लग्नाआधीचं नव्हे.
रकाना तिसरा, कोणाच्या लक्षात आली.
तिथे छापलेलं होतं:
फार्मासिस्ट / परिचारिका / डॉक्टर, लागू नसेल ते खोडा.
तिन्ही खोडले.
वर बारीक अक्षरात लिहिलं:
भूदेवी कुडक्याल, विडी कामगार.

दोघांनी मोजायचं असं भिंतीवर आहे.
दुसऱ्याची जागा तीन वर्षं रिकामी आहे,
तेही कुठल्या तरी फाईलीत असेल.
तोवर मी पाकीट उघडंच देते
आणि म्हणते, मोजा.
कुणी वैतागतं. कुणाला वाटतं, ही हिशेब चुकवणारी बाई.
बरोबरच वाटतं.
रांग बाहेर उन्हात जाते.
मी पुढचा नंबर घेत नाही.